भिरंडाची साल: सुप्याच्या रानातून प्रयोगशाळेत

उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुक्याच्या, म्हणजे जुन्या सुप्याच्या, सदाहरित आणि निमसदाहरित रानात कोकमाची झाडे आपसूक उगवतात. येथील कुणबी वस्त्यांत कोकणी बोलली जाते आणि झाडाला भिरंड म्हणतात. कन्नडमध्ये ते मुरुगलु, रत्नागिरी-सिंधुदुर्गात रातांबा, आणि वनस्पतिशास्त्राच्या वहीत गार्सिनिया इंडिका. त्याच रानात, अधिक ओलाव्याच्या जागी, त्याचा एक भाऊबंद वाढतो: उप्पगे, म्हणजे गार्सिनिया गुम्मी-गुट्टा. केरळात मासळीच्या कालवणात पडणारी कुडमपुळी ती हीच. या दोन झाडांच्या फळांची साल शतकानुशतके वाळवली, खाल्ली, विकली आणि औषध म्हणून पाजली गेली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रसायनशास्त्रज्ञांनी तीच साल उकळून, गाळून, स्फटिकरूपात तिच्यातली द्रव्ये वेगळी केली. त्यांतली काही अँटिऑक्सिडंट निघाली.

कोकमाचे पिकलेले फळ साधारण लिंबाएवढे, गोल, काळपट जांभळे असते. आत पाच ते आठ बिया, त्यांभोवती पांढुरका आंबटगोड गर. साल जाडसर असते, आणि ती ताजी चिरली की लाल रसाबरोबर पिवळसर चीकही बोटांना लागतो. हा पिवळा चीक पाण्याने धुऊन जात नाही. हात तेलाने चोळावे लागतात. पुढे प्रयोगशाळेत जे घडले त्याचे सूत्र या किरकोळ अनुभवातच आहे. सालीतली आम्ले आणि लाल रंग पाण्यात उतरतात, पिवळे राळेसारखे द्रव्य पाण्यात उतरत नाही, आणि बियांतली चरबी उष्णतेनेच सुटते. घरगुती पद्धतींनी या तीन वाटा फार पूर्वीच वेगळ्या केल्या होत्या, फक्त त्यांना रासायनिक नावे नव्हती.

आमसूल करण्याची रीत गोव्यापासून सुप्यापर्यंत थोड्याफार फरकाने एकच आहे. फळे एप्रिल-मे महिन्यांत पिकतात. ती फोडून बिया आणि गर वेगळा काढतात, गराच्या रसात मीठ घालतात, साली त्या रसात बुडवून उन्हात पसरतात, संध्याकाळी पुन्हा रसात टाकतात. याला पुट देणे म्हणतात. चार-पाच पुटे झाली की साल काळी, मऊ आणि चिवट होते आणि दोन-तीन वर्षे टिकते. गोव्यात तिला सोल म्हणतात. मीठ घालून ठेवलेला नुसता रस म्हणजे आगळ; सोलकढीला तोच लागतो. या सगळ्या कामाला कडक ऊन हवे. पहिला वळवाचा पाऊस आला की पसरलेली सोले बुरसतात, म्हणून वैशाख संपेपर्यंत घराघरांत एकच घाई असते. घाटमाथ्यावरील सुप्याकडे पाऊस लवकर येतो आणि फळे जरा उशिरा पिकतात, त्यामुळे तेथे ही घाई किनाऱ्यापेक्षा जास्त.

बियांचा धंदा निराळा. त्या वाळवून, फोडून, कुटून पाण्यात उकळतात. वर तरंगणारी चरबी काढून घेतात. थंड झाली की ती घट्ट होते आणि मुठीत दाबून तिचे लंबगोल गोळे करतात. कोकणात हे मुठेल. ओठ फुटणे, टाचांना भेगा पडणे, भाजणे यांवर ते लावतात. अतिसारात भाताबरोबर खायलाही देतात. आंबट साल पोटात घेण्याचे प्रसंग वेगळे. उन्हाळ्यात आमसुलाचे सरबत, अपचनावर सोलांचे पाणी, आणि अंगावर पित्त उठले की त्याच पाण्याने गांध्या चोळणे. हा शेवटचा उपाय महाराष्ट्रातल्या घरांत अजून जिवंत आहे. संस्कृत वैद्यकात वृक्षाम्ल नावाने येणारे द्रव्य बहुतेक वैद्य कोकमच मानतात आणि अतिसार, मूळव्याध व तहान यांवर ते सांगितलेले आढळते.

छापील नोंदींत हे फळ प्रथम दिसते ते गोव्यात. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता १५३४ मध्ये गोव्याला आला आणि जवळपास तीस वर्षे तेथे राहून त्याने औषधी वनस्पतींवर संवादरूपात एक ग्रंथ लिहिला. तो १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. त्यात ब्रिंदोंइश या फळाचा उल्लेख आहे: चवीला बरे पण फार आंबट, रंगाऱ्यांच्या उपयोगाचे, आणि सालीपासून एक प्रकारचा शिर्का करता येणारे. दवाखाना चालवणाऱ्या माणसाने फळाचा रंग आणि आम्ल हे दोनच गुण टिपले हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे, कारण सालीच्या व्यापाराची नजर पुढेही मुख्यतः याच दोन गोष्टींवर राहिली. मलबारात डच अधिकारी हेन्ड्रिक व्हान ऱ्हीड याने स्थानिक वैद्य आणि चित्रकार कामाला लावून ‘होर्टस मलाबारिकस’ तयार करवला. त्याच्या १६७८ च्या पहिल्या खंडात कोड्डमपुल्ली म्हणून उप्पगे चित्रासह येते. डच कंपनीच्या नोकरीत राहिलेल्या लोराँ गार्सँ या निसर्गअभ्यासकाच्या नावावरून लिनियसने गार्सिनिया ही प्रजाती बांधली. कोकमाला आधी ब्रिंदोनिया इंडिका हे नाव मिळाले आणि १८२० च्या दशकात स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ श्वाझी याने त्याला गार्सिनियात आणून बसवले. गोव्याच्या बाजारातले भिरंड अशा रीतीने लॅटिनमध्ये जाऊन पुन्हा बाहेर पडले.

एकोणिसाव्या शतकात युरोपीय औषधविक्रेत्यांचे लक्ष सालीकडे नव्हते, मुठेलाकडे होते. मलमांसाठी त्यांना घट्ट, पांढरी, लवकर न खवटणारी चरबी हवी होती. कोकम-बटर या नावाने ती ब्रिटिश भारताच्या १८६८ च्या औषधसंहितेत आली. त्यानंतर फ्ल्यूकिगर आणि हॅनबरी यांच्या १८७४ च्या ‘फार्माकोग्राफिया’त तिचे वर्णन झाले आणि डिमॉक, वॉर्डन व हूपर यांनी १८९० पासून प्रसिद्ध केलेल्या ‘फार्माकोग्राफिया इंडिका’त ते अधिक विस्ताराने आले. मुंबई-पुण्याच्या औषधांच्या दुकानांत ही चरबी मिळे. तिच्यात स्टिअरिक आम्लाचे प्रमाण जास्त असल्याने ती उष्ण हवेतही घट्ट राहते. आज सौंदर्यप्रसाधनांत आणि काही मिठायांत ती वापरली जाते ती याच गुणामुळे. ऑक्सिडीकरणाचा प्रश्न औषधविक्रेत्यांना तेव्हाही होता, फक्त त्यांच्या भाषेत तो चरबी खवटण्याचा प्रश्न होता.

सुपे या काळात मोठ्या उलथापालथीतून जात होते. टिपूच्या पाडावानंतर १७९९ मध्ये कानडा प्रांत इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीकडे आला आणि मद्रास इलाख्यात गेला. पुढे त्याचे दोन भाग झाले आणि १८६२ मध्ये उत्तर कानडा मुंबई इलाख्याला जोडला गेला. १९५६ पर्यंत तो तेथेच होता, म्हणून या रानाचे जुने कागदपत्र मुंबई-पुण्याच्या दप्तरांत सापडतात आणि जिल्ह्याचे गॅझेटियर जेम्स कॅम्पबेलच्या मुंबई गॅझेटियरमालेत १८८३ साली पंधरावा खंड म्हणून निघाले. मद्रासचा वनसंरक्षक ह्यू क्लेगहॉर्न याने कुमरी शेतीला, म्हणजे रान तोडून-जाळून त्या राखेत नाचणी पेरण्याच्या पद्धतीला, कडाडून विरोध केला. सुप्याचे कुणबी आणि इतर डोंगरवासी तीच शेती करीत होते. सागवानासाठी रान राखायचे तर कुमरी थांबली पाहिजे, हा सरकारी हिशेब होता. कुमरीवर निर्बंध आले, राखीव जंगलांच्या सीमा आखल्या गेल्या, आणि जे आधी गावच्या रानातले फळ होते ते सरकारी रानातले ‘गौण उत्पन्न’ झाले.

गौण म्हणजे काय, हे लिलावाच्या यादीवरून कळते: हिरडा, शिकेकाई, रिंगे, मध, मेण आणि कोकम. त्यांत हिरड्याला सर्वांत जास्त भाव होता, कारण त्यातले टॅनिन कातडी कमावण्याला लागे आणि परदेशी माल जाई. १८८८ मध्ये कॅसलरॉकपर्यंत आणि तेथून मार्मागोव्याच्या बंदराकडे रेल्वे सुरू झाल्यावर घाटमाथ्याचा माल समुद्राकडे जाण्याची वाट आणखी सोपी झाली. कॅसलरॉक हे सुप्याच्याच हद्दीतले स्टेशन. रसायनाच्या दृष्टीने गंमत अशी की हिरड्यातली कातडी कमावणारी टॅनिने आणि आज ज्यांना अँटिऑक्सिडंट म्हणून नावाजले जाते ती पॉलिफेनॉले एकाच घराण्यातली. त्या काळी ती पिंपात भरून चामड्याच्या कारखान्याला जात. आता ती गोळ्यांच्या बाटलीत भरली जातात.

मुंबई इलाख्याच्या वनखात्यात डब्ल्यू. ए. टॅलबट या अधिकाऱ्याने या जिल्ह्यातले रान बारकाईने पाहिले. त्याची वृक्षांची यादी १८९४ मध्ये आणि ‘फॉरेस्ट फ्लोरा ऑफ द बॉम्बे प्रेसिडेन्सी अँड सिंध’ हा ग्रंथ १९०९ ते १९११ या काळात निघाला. हे काम नंतरच्या रसायनशास्त्राला किती उपयोगाचे होते हे सहसा लक्षात घेतले जात नाही. कोकम, उप्पगे, पिवळा चीक देणारी गार्सिनिया मोरेला, आणि बागेतही लावला जाणारा गार्सिनिया झँथोकायमस, या सगळ्यांची वाळलेली साल बाजारात एकमेकींत मिसळलेली सापडू शकते. झाड कोणते हे ओळखल्याशिवाय त्यातले द्रव्य कोणते हे ठरवणे व्यर्थ आहे. म्हणून आजही कुठल्याही गंभीर अभ्यासात फळाबरोबर पानांची-फुलांची वाळवलेली फांदी वनस्पतिसंग्रहात क्रमांक घालून ठेवावी लागते. ती नसेल तर पुढच्या सगळ्या आलेखांना फारसा अर्थ राहत नाही.

सालीच्या रसायनाचा खरा इतिहास १९६५ मध्ये सुरू होतो. मैसूरची केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था १९५० मध्ये चेलुवांबा महालात स्थापन झाली होती. तेथील वाय. एस. लुईस आणि एस. नीलकंठन यांनी उप्पगेच्या सालीतले मुख्य आम्ल तपासले. त्यापूर्वी ते टार्टारिक, सायट्रिक किंवा मॅलिक असावे असे समजले जाई. त्यांनी साल दाबाखाली पाण्यात शिजवून अर्क काढला, अल्कोहोल घालून पेक्टिन गाळून टाकले आणि आम्ल क्षाररूपात वेगळे केले. ते निघाले हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल, त्याच्या चार संभाव्य रूपांपैकी एक विशिष्ट रूप. कोकमातही मुख्य आम्ल तेच आहे आणि वाळलेल्या सालीत त्याचे प्रमाण जातीनुसार १० ते ३० टक्के असते. हे आम्ल तापवताना स्वतःच्याच रेणूत वळून लॅक्टोन होते. ते ओळखायला इतकी वर्षे लागण्याचे एक कारण हेही. आंबट चवीमागचे हे द्रव्य मुळात अँटिऑक्सिडंट म्हणून प्रसिद्ध नाही, तरी पुढे रानावर जे गुदरले ते याच आम्लापायी.

पिवळ्या चिकाची ओळख त्यानंतर पटली. १९८० मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील ए. व्ही. रामाराव आणि सहकाऱ्यांनी उप्पगेपासून मिळालेल्या कॅम्बोजिनॉल व कॅम्बोजिन या द्रव्यांची रचना प्रसिद्ध केली. पुढच्याच वर्षी मैसूरच्या एन. कृष्णमूर्ती, लुईस आणि बी. रवींद्रनाथ यांनी कोकमातल्या गार्सिनॉल आणि आयसोगार्सिनॉल यांची रचना मांडली आणि ती कॅम्बोजिनॉलशी ताडून पाहिली. पुणे आणि मैसूर या दोन प्रयोगशाळा दोन सख्ख्या झाडांवर काम करीत एकाच प्रकारच्या रेणूपाशी पोहोचल्या. गार्सिनॉलच्या रेणूत कार्बनचे ३८, हायड्रोजनचे ५० आणि ऑक्सिजनचे ६ अणू असतात. मध्यभागी बेंझोफिनोनचा सांगाडा आणि त्याला आयसोप्रिनच्या साखळ्या जोडलेल्या. एका टोकाला शेजारी-शेजारी दोन हायड्रॉक्सिल गट असलेले कडे आहे. मुक्त मूलकाला, म्हणजे फ्री रॅडिकलला, हायड्रोजनचा अणू देऊन ते शांत करण्याचे काम मुख्यतः हे कडे आणि त्याशेजारची रचना करते. साखळ्यांमुळे रेणू स्निग्ध होतो, म्हणून तो पाण्याऐवजी तेलात, हेक्झेनमध्ये किंवा अल्कोहोलमध्ये विरघळतो. चीक धुण्यासाठी तेल का लागते याचे उत्तर असे सापडले.

हे द्रव्य सालीतून शुद्ध काढण्याची एक रीत नंतरच्या शोधनिबंधांत वारंवार येते. वाळलेल्या सालीचा इथेनॉलमध्ये अर्क काढतात. तो अर्क उलट्या ध्रुवतेच्या सिलिकाने भरलेल्या स्तंभातून घालतात आणि ६० ते ८० टक्के इथेनॉलने टप्प्याटप्प्याने उतरवतात. ज्या भागांत गार्सिनॉल आहे ते एकत्र करून आटवतात, उरलेला भाग हेक्झेनमध्ये विरघळवून ५ अंश सेल्सियसला दोन दिवस ठेवतात. तळाशी पिवळा, आकारहीन गाळ बसतो. तो थंड हेक्झेनने धुऊन ॲसिटोनायट्राइलमध्ये पुन्हा विरघळवला की फिकट पिवळ्या सुईसारखे स्फटिक तयार होतात. ते गार्सिनॉलच आहेत याची खात्री चुंबकीय अनुनाद वर्णपटाने करतात: हायड्रोजन आणि कार्बन १३ यांच्या संकेतांची जागा पूर्वी छापलेल्या आकड्यांशी जुळली पाहिजे. सगळ्यांत जास्त वेळ जातो तो त्या दोन दिवसांच्या शीतकपाटात.

लाल रंगाचे काम तुलनेने सोपे गेले. कोकमातला रंग म्हणजे ॲन्थोसायनिन, प्रामुख्याने सायनिडिन-३-ग्लुकोसाइड आणि सायनिडिन-३-सॅम्बुबायोसाइड अशी दोन. वाळलेल्या सालीत त्यांचे प्रमाण दोन-अडीच टक्क्यांच्या आसपास सांगितले जाते, जे नैसर्गिक रंगांच्या मानाने भरपूर आहे. हे रंग आम्लात लाल आणि स्थिर राहतात, अल्कलीत निळसर होऊन बिघडतात. कोकमाचा रस स्वतःच इतका आम्लधर्मी की रंगाला लागणारे संरक्षण त्याच फळात असते. आगळ वर्षभर लाल का राहतो याचे कारण हे. आमसूल मात्र काळे पडते, कारण ऊन आणि हवा रंगाचे पुष्कळसे रेणू मोडून टाकतात. सोल काळी दिसली म्हणजे चांगली वाळली, असे बाजारात मानतात. रसायनाच्या भाषेत तो रंगद्रव्याचा तोटा आहे. दोन्ही म्हणणी आपापल्या जागी बरोबर आहेत, कारण आमसूल खाणाऱ्याला आंबटपणा आणि टिकाऊपणा हवा असतो.

अँटिऑक्सिडंट हा शब्द या सालीला चिकटला तो साधारण १९९० नंतर. मोजमापाची साधने त्याआधीच तयार होती. मार्सडन ब्लॉइस याने १९५८ मध्ये एक साधी कसोटी दिली: डीपीपीएच नावाचे स्थिर मुक्त मूलक मिथेनॉलमध्ये गर्द जांभळे दिसते, त्याला हायड्रोजन मिळाला की ते फिकट पिवळे होते, आणि ५१७ नॅनोमीटरला प्रकाशाचे शोषण किती घटले त्यावरून अर्काची ताकद काढता येते. एकूण फिनॉलांसाठी फोलिन-चोकालतो हा अभिक्रियाकारक वापरतात. त्याची रीत सिंगलटन आणि रोसी यांनी १९६५ मध्ये पक्की केली. त्यात निळा रंग येतो आणि उत्तर गॅलिक आम्लाच्या मापात लिहितात. २००० मध्ये जपानमधील यामागुची आणि सहकाऱ्यांनी कोकमाच्या सालीतल्या गार्सिनॉलवर अशा चाचण्या करून ते प्रभावी अँटिऑक्सिडंट असल्याचे आणि प्रथिनांवर साखर चिकटण्याची क्रिया रोखत असल्याचे प्रसिद्ध केले. पाठोपाठ अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठात गार्सिनॉल मुक्त मूलकाशी नेमके काय करते, कोणता बंध तुटतो आणि कोणती द्रव्ये उरतात, हे तपासले गेले. २००४ मध्ये बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रातील तपस कुंडू यांच्या गटाने दाखवले की गार्सिनॉल पेशीकेंद्रकातील हिस्टोन प्रथिनांवर ॲसिटिल गट बसवणाऱ्या विकरांना अडवते. ही वेगळीच दिशा होती. येथे अँटिऑक्सिडंटपणाचा प्रश्नच नव्हता.

कोकमाच्या बाबतीत या चाचण्यांत एक मेख आहे. सालीतला लाल रंग ५२० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे डीपीपीएचच्याच पट्ट्यात, प्रकाश शोषतो. अर्काची स्वतःची वेगळी कोरी चाचणी घेतली नाही तर अर्काची ताकद आहे त्यापेक्षा कमी दिसते. फोलिनच्या चाचणीतही साखर आणि क जीवनसत्त्व थोडाफार निळेपणा देतात. तालुका-जिल्हा पातळीवरच्या महाविद्यालयांतून दरवर्षी रानातल्या पंधरा-वीस वनस्पतींचे असे आकडे छापले जातात, आणि त्यांतला बराचसा भाग एवढ्याच कारणाने एकमेकांशी तुलना करण्यालायक नसतो. शिवाय परीक्षानळीत मूलक शांत करणारे द्रव्य आतड्यातून रक्तात किती पोहोचते हा प्रश्न वेगळा, आणि त्याचे उत्तर परीक्षानळीतून मिळत नाही.

जोयड्याच्या रानाला हे सगळे शास्त्र अप्रत्यक्षपणे भोवले. अमेरिकेतील ब्रँडाइस विद्यापीठात जॉन लोवेनस्टाइन यांच्या प्रयोगशाळेने १९६९ मध्ये दाखवले होते की हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल चरबी तयार होण्याच्या साखळीतले एक विकर रोखते. १९९० च्या दशकात त्यावरून वजन घटवण्याच्या गोळ्यांचा बाजार उभा राहिला. उप्पगेच्या वाळलेल्या सालीला अचानक भाव आला आणि उत्तर कन्नडमधील घाटांत तिची लूट सुरू झाली. कच्ची फळे तोडली गेली, उंच झाडांच्या फांद्या छाटल्या गेल्या. उप्पगे पिकते पावसाळ्यात, त्यामुळे साल उन्हात वाळवता येत नाही. ती चुलीवरच्या जाळीवर धुरात सुकवावी लागते आणि त्यासाठी आणखी लाकूड जळते. स्वयंसेवी संस्थांनी कमी सरपणाच्या भट्ट्या आणि पिकल्यावरच तोडणी असे प्रयोग केले. १९९८ मध्ये अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात हेम्सफील्ड आणि सहकाऱ्यांची चाचणी आली: १३५ लठ्ठ व्यक्ती, १२ आठवडे, रोज १५०० मिलिग्रॅम आम्ल, आणि परिणाम खोट्या गोळीपेक्षा लक्षणीय वेगळा नाही. बाजार त्यानंतरही चालू राहिला. गोळ्यांचा खप आणि गोळ्यांचा पुरावा यांची गाठ क्वचितच पडते.

या काळात तालुका स्वतःही बदलला. १९५६ मध्ये दांडेली अभयारण्य झाले. त्याच दशकात दांडेलीत कागद गिरणी उभी राहिली आणि बांबू तिकडे जाऊ लागला. काळी नदीवरील सुपे धरणाच्या पाण्याखाली जुने सुपे गाव १९८० च्या दशकात बुडाले. विस्थापितांसाठी रामनगर वसले आणि तालुक्याचे ठाणे जोयड्याला गेले. १९८७ मध्ये अणशी राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले, २००७ मध्ये दांडेली-अणशी व्याघ्र प्रकल्प, आणि २०१५ पासून त्याचे नाव काळी व्याघ्र प्रकल्प. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने आणि २००० मधील सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने संरक्षित क्षेत्रांतून वनोपज काढण्यावर कडक निर्बंध आले. दुसरीकडे कर्नाटकने १९९३ पासून संयुक्त वनव्यवस्थापनाखाली ग्राम वनसमित्या नेमल्या आणि गौण वनोपजात गावाला वाटा दिला. २००६ च्या वनहक्क कायद्याने परंपरागत गोळा करणाऱ्यांना त्यावर मालकीचा हक्क मान्य केला. कागदावर हा हक्क आहे आणि त्याच रानावर व्याघ्र प्रकल्पाचीही रेषा आहे. या दोहोंमधून भिरंडाची टोपली घरी आणणे, हा आजही तालुक्यातला रोजचा प्रश्न आहे.

महाराष्ट्राने या प्रश्नाला दुसऱ्या बाजूने हात घातला. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने कोकण अमृता आणि कोकण हातीस अशा निवड जाती दिल्या, आणि कलमाची पद्धत बसवली. तिची गरज मोठी होती, कारण कोकमाचे नर आणि मादी झाड वेगवेगळे असते. बीपासून लावलेल्या रोपांतली सुमारे निम्मी नर निघतात आणि हे सात-आठ वर्षांनी फुले आल्यावर कळते. कलम लावले तर मादी झाड आणि लवकर फळ, दोन्ही मिळतात. २०१८ मध्ये सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक निर्देशांकाची नोंदणी मिळाली. जोयड्यात मात्र कोकम मुख्यतः रानातूनच येते.

गार्सिनॉल आज प्रयोगशाळांना रसायन म्हणून बाटलीत विकत मिळते. मिलिग्रॅमवर किंमत असते. माणसांवरील मोठ्या चाचण्यांतून सिद्ध झालेले असे औषध त्यापासून अजून झालेले नाही. साल वाळवणारे कुणबी कुटुंब ते रेणूसाठी वाळवत नाही. सोले आणि आगळ घरात लागतात, जास्तीचा माल व्यापारी किलोवर नेतो. रानातून काढलेल्या साहित्यावर संशोधन आणि व्यापार करणाऱ्यांनी लाभाचा वाटा द्यावा असे २००२ चा जैवविविधता कायदा सांगतो. त्या वाट्याचा हिशेब करायचा तर सालीची किंमत गोळीच्या किंमतीशी लावून पाहावी लागेल, आणि ते काम रसायनशास्त्रज्ञाचे नसून ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीचे आहे.